खिळ्यावरचे पंचांग

आजीचे पंचांग स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलेले असे. पाडव्याला त्याच्यावर हळदकुंकवाची बोटे उमटत आणि वर्ष सरेपर्यंत समासात दुधाचा हिशेब, म्हैस व्याल्याची तारीख, कुणाच्या बारशाचा दिवस असे बरेच काही गोळा होई. एकादशी कधी आहे, हे तिला कुणाला विचारावे लागत नसे. चष्मा लावून, ओळीवरून बोट फिरवून ती स्वतःच पाहून घेई.

तिच्या पणजीला मात्र हे साधले नसते. तेव्हा पंचांग जोशीबुवा हाताने लिहीत, पाडव्याला घरोघरी वाचून दाखवत, आणि पुढे वर्षभर तिथी-मुहूर्त त्यांच्याच तोंडून ऐकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी मिशनऱ्यांची छापील पुस्तके पाहून स्वतः शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापण्याचा छापखाना, सुरू केला आणि त्यावर चक्क पंचांग छापले. छापण्याच्या शाईत चरबी असते, म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. त्यावर शाईत तूप घालण्याची तोड निघाली, असे सांगतात. मला या तुपाचे फार कौतुक वाटते, कारण धर्मशास्त्राचा वाद घालत बसण्यापेक्षा शाई बदलणे केव्हाही सोपे.

छपाईने पंचांग घरात आले, तसे पंचांगांतले मतभेदही आले. गावात एकच जोशी असेतो त्यांचा शब्द अखेरचा होता. दोन छापील पंचांगे शेजारी ठेवता येऊ लागल्यावर कुणाचे गणित आकाशाशी जुळते, हा प्रश्न कुणालाही विचारता येऊ लागला. जुन्या गणिताने काढलेली ग्रहणे प्रत्यक्ष वेळेशी जुळत नाहीत, हे पाहून गणिती केरोपंत छत्र्यांनी 1865 च्या सुमारास जहाजांसाठी ग्रहताऱ्यांची स्थाने देणाऱ्या इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधाराने पटवर्धनी पंचांग सुरू केले. पुढे या वादात लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले, आणि त्यांच्या नावाचे पंचांग कोकणात आजही कित्येक घरांत पाळले जाते.

आमच्या शेजारचे घर त्यांपैकीच एक. अधिक मासाचा हिशेब निराळा पडला की त्यांचे गणपती आमच्या आधी महिनाभर येत. आजी त्या दिवशी आपले पंचांग एकदा उघडून पाही, काही न बोलता पुन्हा खिळ्याला अडकवी आणि त्यांच्याकडे मोदक खायला जाई; महिन्याभराने आमच्याकडचे मोदक घेऊन मी त्यांच्या दारात उभा असे.