तुराट्यांचा कूड

मी घरं बांधायच्या कामात आहे, माती, चुना, बांबू हेच जास्त करते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात औसा तालुक्यातल्या एका गावात साईट बघायला गेले होते, तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

घर किल्लारीच्या भूकंपानंतरचं, सिमेंट ब्लॉकच्या सहा इंची भिंती आणि वर स्लॅब. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर चटका बसला, टेम्परेचर गन धरली तर 44 अंश. घरातला मुलगा पुण्याला असतो, त्याचं म्हणणं एवढंच की मागच्या बाजूला दोन खोल्या काढू पण एसी न लावता आई न आजीला दुपारी टेकता आलं पाहिजे.

मी ठरवूनच गेले होते, दीड फुटाची मातीची भिंत. काळी माती चालत नाही, वाळली की भेगाळते, पण पांढरी गावातच होती, तपासायला बरणीत पाणी घालून हलवून ओट्यावर ठेवली, खाली वाळू बसली, वर गाळ, त्यावर चिकणमातीचा पातळ थर, आणि मी आपली उत्साहात सांगत सुटले की जाड भिंत दिवसभराचं ऊन पोटात धरते, आत पोचेपर्यंत रात्र होते.

आजी बरणीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मातीची भिंत नगं गं माय."

मग त्यांनी सांगितलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आतबाहेर. रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. त्यांची सासू आणि धाकटी मुलगी भिंतीखाली गेल्या. दोन-अडीच फुटाच्या त्या दगडमातीच्या भिंती, आतला न बाहेरचा थर वेगवेगळा, दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठंच नाही, आणि वर दरवर्षी माती टाकून टाकून जड झालेलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. हे सगळं मी शिकलेले होते, शिकवतेसुद्धा, पण जिच्या घरात ते घडलं तिच्यासमोर बसून मी दीड फुटाची भिंत विकत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी विचारलं, आजी, तेव्हा उभं काय राहिलं? त्या लगेच म्हणाल्या, "गोठा. तुराट्यांचा कूड होता, वर पाचट. एक बाजू वासरावर पडली तर ते कूड घेऊनच बाहेर आलं." तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली काटकं, आणि कूड म्हणजे त्यांची हलकी भिंत.

तिथंच माझं डिझाईन बदललं. सांगाडा आरसीसीचा, भूकंपासाठीच्या आडव्या पट्ट्यांसकट, नीट बांधलेला. भिंत नुसती भरायची, आठ इंची, बांबूच्या पट्ट्यांना धरून, गव्हाचं काड मातीच्या पातळ रबडीत बुडवून निथळून फळ्यांमध्ये ठासायचं. खाली दोन फूट दगडी जोतं वाळवीसाठी न पावसाच्या शिंतोड्यांसाठी, बाहेरून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा करायचा नाही, आत ओल कोंडते आणि काड कुजतं. आणि खरं सांगायचं तर उन्हासाठीसुद्धा हेच बरं पडतं, कारण नुसती मातीची भिंत ऊन अडवत नाही, उशिरा आत सोडते, आणि मराठवाड्यात मे महिन्यातल्या रात्री काय कमी तापतात का, काडात हवा अडकलेली असते म्हणून ऊन बाहेरच राहतं. वजनाचं तर विचारू नका, जुन्या भिंतीचा चौरस मीटर हजार किलोच्या वर जायचा, याचा शंभर-सव्वाशे.

कडबा वापरू का असं मिस्त्रींनी विचारलं, मी नको म्हटलं, ते जनावरांचं खाणं आहे. काम दिवाळीनंतरच काढायचं ठरलं, ही भिंत वाळायला दोन महिने लागतात आणि ओली असताना पाऊस लागला तर बुरशी धरते.

तीन आठवड्यांनी नमुना घेऊन गेले, फूटभर लांबरुंद, चार इंच जाड, कडक वाळलेला. आजींनी तो दोन्ही हातांनी उचलला, मांडीवर घेतला, बराच वेळ तसाच धरून बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "ही अंगावर पडली तरी लेकरू निघंल."