रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा

पन्नाशी उलटल्यापासून आणि दिवसभर फळ्यापुढे उभं राहण्याची नोकरी असल्यामुळे माझ्या पोटऱ्या मध्यरात्री हटकून बंड करतात. झोपेत चवडा खाली झुकलेला असतो, पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो, आणि त्यातच कूस बदलताना पाय ताणला की वांब आलाच म्हणून समजा.

अशा वेळी चवडा उलट दिशेला, म्हणजे नडगीकडे ओढायचा आणि गुडघा सरळ ठेवायचा. माझे हात तिथवर पोचत नाहीत (पोट मध्ये येतं, काय करणार!), म्हणून उशाशी एक टॉवेल असतो. तो तळपायाला अडकवून दोन्ही टोकं सावकाश ओढते. दगडासारखी टणक झालेली पोटरी आधी थरथरते, मग एका बाजूने सैल पडत जाते. उठवत असेल तर उभं राहून टाच जमिनीला दाबली तरी चालतं. ह्यांना हाक मारण्यात अर्थ नसतो. ते आधी दिवा लावणार, मग चष्मा शोधणार; तोवर गोळा उतरलेला असतो. नंतर थोडं चोळायचं आणि गरम पाण्याची पिशवी ठेवायची. सकाळी जिना उतरताना ठणकतं, ते चालायचंच.

गोळा येऊच नये म्हणून झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, टाच न उचलता पोटरी ताणते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ५५ वर्षांवरच्या लोकांनी सहा आठवडे रोज रात्री असे ताण दिले, तेव्हा गोळे कमी झाले. पांघरूणही पायाशी सैल सोडते, नाहीतर त्याच्या वजनाने चवडे खाली दाबले जातात.

मॅग्नेशियमच्या गोळ्या मला येताजाता कुणीतरी सुचवतं. उतारवयात येणाऱ्या वांबांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असंच चाचण्या सांगतात. क्विनीन या हिवतापावरच्या औषधाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक इतक्या घटू शकतात.

लघवी वाढवणारी औषधं चालू असतील आणि गोळे वाढले असतील, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, तर तो चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.