मंजुरीच्या प्रतीक्षेत

४ एप्रिल २०१९ रोजी लालकृष्ण अडवाणी यांच्या ब्लॉगवर जवळपास पाच वर्षांनी एक लेख आला. भाजपचा स्थापना दिवस दोन दिवसांवर होता, लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा आठवड्यावर येऊन ठेपला होता आणि १९९१ पासून सहा वेळा जिंकलेल्या गांधीनगरची उमेदवारी अडवाणींऐवजी अमित शहांना मिळाली होती. तो लेख मी संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत उभ्यानेच फोनवर वाचला आणि मुलुंड येण्याआधी वाचून संपवला, इतका तो लहान होता. उमेदवारी गेल्याबद्दल त्यात तक्रारीचा एक शब्दही नव्हता. गांधीनगरच्या मतदारांचे आभार मानून झाल्यावर, ज्यांच्याशी आपले राजकीय मतभेद आहेत त्यांना आपल्या पक्षाने कधी शत्रू मानले नाही आणि राष्ट्रविरोधीही ठरवले नाही, अशा आशयाचा मजकूर आला होता. विरोधकांनी तो उचलून धरला. पंतप्रधानांनीही ट्विट करून लेखाची प्रशंसा केली, पण त्यांनी उचलले ते शीर्षक : आधी राष्ट्र, मग पक्ष, शेवटी आपण. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाने पाच वर्षांनी तोंड उघडले आणि ज्याने त्याने आपल्या सोयीचे तेवढे ऐकले.

हा ब्लॉग सुरू झाला तो जानेवारी २००९ मध्ये, अडवाणी पंतप्रधानपदाचे उमेदवार असताना. त्या काळात कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी कोपऱ्यात त्यांची जाहिरात दिसायची, त्यामुळे ब्लॉग हा त्याच प्रचाराचा एक भाग असावा असे मी धरून चाललो होतो. मे महिन्यात निकाल लागले, भाजप ११६ जागांवर थांबला आणि ब्लॉगही आता बंद पडणार अशी माझी खात्री होती, कारण निवडणुकीसाठी उघडलेले कार्यालय निकालानंतर किती दिवस उघडे राहते हे आपण सगळे पाहत आलो आहोत. तो बंद पडला नाही. पुढची जवळजवळ पाच वर्षे अडवाणी वाचलेली पुस्तके, आणीबाणी, फाळणीचा काळ, परदेशातील काळा पैसा अशा विषयांवर लिहीत राहिले आणि त्यातील निवडक लेखांचे पुस्तकही निघाले. खरे सांगायचे तर त्यातले बरेचसे लेखन संथ आहे आणि आठवणींत रमणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखे विषयाला येईपर्यंत दोन वळणे घेणारे आहे. मात्र अधूनमधून त्यात एखादा असा परिच्छेद यायचा की दुसऱ्या दिवशी पक्षाच्या प्रवक्त्यांना घाम फुटावा.

मे २०१२ चा प्रसंग आपल्या मुंबईतलाच आहे. भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक येथे झाली आणि नितीन गडकरींना अध्यक्षपदाची दुसरी मुदत मिळावी यासाठी पक्षाच्या घटनेत बदल करण्याचे ठरले. बैठकीनंतरच्या जाहीर सभेला अडवाणी थांबले नाहीत. सभेला न थांबण्याचे अर्थ लावण्यात वर्तमानपत्रांचे काही दिवस गेले, आणि मग महिनाअखेरीस ब्लॉगवर लेख आला. लोक केंद्र सरकारवर चिडलेले आहेत हे खरे, पण ते आपल्यावरही नाराज आहेत, असे त्यांनी त्यात लिहिले आणि कारणेही नावनिशीवार दिली. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून मायावतींनी काढलेल्या मंत्र्यांचे उत्तर प्रदेशच्या निवडणुकीच्या तोंडावर पक्षात झालेले स्वागत, तसेच झारखंड आणि कर्नाटकातील प्रकरणे ज्या रीतीने हाताळली गेली ती रीत, यांमुळे भ्रष्टाचाराविरुद्धच्या आपल्या मोहिमेला धक्का बसला, असे त्यांचे म्हणणे होते. हेच पत्रकार परिषदेत कोणी बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला’ असा खुलासा आला असता. येथे विपर्यासाला जागाच नव्हती, कारण मजकूर स्वतःचा, जागा स्वतःची आणि खाली नावही स्वतःचे होते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कार्यकारिणी गोव्यात, पणजीला भरली. प्रकृतीच्या कारणाने अडवाणी गेले नाहीत, पण बैठक चालू असतानाच त्यांचा ब्लॉग प्रसिद्ध झाला आणि त्यात भीष्माचा उल्लेख आला. नरेंद्र मोदी यांच्याकडे प्रचाराची सूत्रे आली ती ९ जूनला. १० तारखेला अडवाणींनी पक्षाच्या सर्व पदांचे राजीनामे दिले आणि ११ तारखेला ते मागेही घेतले. राजीनामा मागे घेता येतो. तो ब्लॉग मात्र ज्याला वाचायचा त्याने तोवर वाचलेला होता.

सत्तेत असताना लिहिणारे म्हणून मला अरुण जेटली आठवतात. मे २०१८ मध्ये त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टपर्यंत अर्थखात्याचा कार्यभार पीयूष गोयल यांच्याकडे होता, पण घरी विश्रांती घेणारे जेटली त्या काळात फेसबुकवर लांबलचक लेख लिहीत होते. आणीबाणीवरची त्यांची लेखमाला त्याच वर्षीच्या जूनमधली. ते स्वतः विद्यार्थी नेते म्हणून एकोणीस महिने तुरुंगात राहिलेले असल्यामुळे त्या लेखांना अनुभवाचे वजन होते. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवर लिहिताना मात्र त्यांच्यातला वकील पुढे आला आणि त्यांनी विरोधकांनाच पंधरा प्रश्न विचारले. युक्तिवाद बांधेसूद, वाक्ये आखीव, एकही मुद्दा सुटलेला नाही. तरीही वाचून झाल्यावर मला वाटे की हे माझ्यासाठी लिहिलेले नाही, हे समोरच्या बाकावरच्या प्रतिपक्षासाठी आहे आणि मी फक्त प्रेक्षकांत बसलो आहे. अडवाणींच्या उतारवयातील लेखनात कमालीचे संदिग्ध बोलणे असले, तरी त्यांनी स्वतःच्या घरातल्या माणसांना काही सुनावले. सत्तेत असलेल्याला ते परवडत नाही.

पुढाऱ्याने सलग लिहावे ही अपेक्षा मराठी वाचकाला नवी वाटण्याचे कारण नाही. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती ‘केसरी’तील लेखांमुळे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, तर बाळासाहेब ठाकरे यांनी संघटना काढण्याच्या सहा वर्षे आधी, १९६० मध्ये, ‘मार्मिक’ सुरू केले. या तिघांची राजकारणे तीन दिशांची होती, परंतु अमुक का झाले आणि म्हणून तमुक करायला हवे, हे कागदावर मांडल्यावाचून त्यांचे चालत नव्हते. आज आपल्याकडे येतात ती शुभेच्छापत्रे, श्रद्धांजलीची चौकट आणि अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, आणि त्या कशातही ‘कारण’ हा शब्द लागत नाही. आमदारांचे गुळगुळीत कागदावरचे कार्य अहवालही घरी येतात. त्यांत उद्घाटनांची छायाचित्रे असतात, पण रखडलेल्या कामाचे पान असलेला अहवाल माझ्या हाती अजून आलेला नाही.

तरी केवळ लिहिले म्हणजे संवाद झाला, असे मी म्हणणार नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीआधी आमच्या प्रभागातील एका इच्छुकांनी संकेतस्थळ काढले होते आणि त्यावर ब्लॉगचे पान होते. एकूण तीन लेख होते : एक गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचा, एक पक्षनिष्ठेवरचा आणि तिसरा चक्क ओल्या कचऱ्यावर. हा तिसरा लेख चांगला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला जी खतनिर्मितीची टाकी बांधून पडली आहे, ती वीजजोडणीअभावी चालू झालेली नाही, हे मला त्या लेखातूनच कळले. लेख स्वीय सहायकाने लिहिलेला असला तरी ज्याने लिहिला त्याने टाकीपाशी जाऊन पाहिले होते, एवढे नक्की. मी खाली चार ओळी लिहिल्या : मीटरची पेटी बसवलेली आहे, तिला कुलूपही आहे, मग जोडणी नेमकी कोणाच्या सहीसाठी अडली आहे? बटण दाबल्यावर उत्तर आले, ‘आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.’

ते गृहस्थ निवडून आले. त्यानंतर ब्लॉगवर चौथा लेख आला नाही. संकेतस्थळ दोन वर्षे तसेच होते आणि मी अधूनमधून उघडून पाहिले की माझ्या चार ओळी, फक्त मलाच दिसतील अशा फिकट अक्षरांत, त्या वाक्याखाली तशाच असायच्या. नंतर तो पत्ताच बंद झाला. टाकीच्या मीटरपेटीचे कुलूप मात्र आता गंजून निघाले आहे आणि पेटीत कोणीतरी झाडू ठेवतो.