हवेच्या बंदुकीतला बाण अडवायचा कसा?

इथे ओहायोत आमच्या क्लबात एअरगनने बाण मारतात. त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि गुहागरहून आतेभावाचा फोन आला. "दादा, आपल्या परड्यात हे जमेल की! मागे चिऱ्याचा गडगा आहेच. बाण जातोय कुठे?" हा विचार आणखी कुणाच्या मनात आला असेल तर कृपा करून पुढचं नीट वाचा.

2016 साली बेंजामिन कंपनीची पायोनियर एअरबो, म्हणजे बाण मारणारी एअरगन, बाजारात आली. तिच्यात सुमारे 3000 पीएसआय दाबाने हवा भरतात. आपल्या गाडीच्या टायरात जेमतेम 30-35 असते. बाण कार्बनचा, आतून पोकळ. तो बंदुकीतल्या बारीक नळीवर चढवायचा. चाप ओढला की हवा नळीतून थेट बाणाच्या टोकापर्यंत पोचते आणि बाणाला आतून पुढे ढकलते. 375 ग्रेनचा, म्हणजे 24 ग्रॅमचा बाण सेकंदाला 450 फूट वेगाने सुटतो, असं कंपनी सांगते. हिशेब केला तर ऊर्जा 228 ज्यूलच्या आसपास येते. भारतात विनापरवाना एअरगनला 20 ज्यूलची मर्यादा आहे, तीही 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीला. म्हणजे परवान्याशिवाय हा विषयच नाही.

आता गडगा. एवढा वेग दगडावर एकदम थांबला की कार्बनच्या कांडीच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात, टोक उलटं येऊ शकतं, चिऱ्याच्या कपच्या उडतात. आणि दोन चिऱ्यांमधल्या फटीतून बाण पलीकडच्या पाणंदीत गेला तर? तिथून आपलीच मुलं शाळेत जातात.

बाण अडवायला घट्ट पकड लागते आणि त्या पकडीत शिरायला पुरेशी जाडी लागते. चिंध्या गच्च ठासलेली पिशवी किंवा थरांचा दाट फोम हेच काम करतो. बाण जितका आत जाईल तितकी जास्त कांडी पकडीत येते आणि घर्षणानेच तो थांबतो. त्या घर्षणाने फोम वितळून कांडीला चिकटतोही, म्हणून इथले लोक बाणाला साबणाची वडी घासून घेतात. साध्या धनुष्यासाठी बनवलेलं टार्गेट मात्र या बाणाला पुरेलच असं नाही. आमच्याकडे पहिला बाण मारला की बंदूक रिकामी करून टार्गेटच्या मागे जाऊन बघतात, टोक बाहेर आलंय का. आलं असेल तर ते टार्गेट बाद. एकाच ठिकाणी मारत राहिलं की मधला भाग पोकळ होतो, म्हणून जागा बदलत राहायची. भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणं रचून भागेल असं समजू नका. पेंढा सैल पडतो, सोडणांत फटी राहतात.

टार्गेट चुकलं तर काय, याची तयारी बंदूक हातात घेण्याआधीच हवी. मागे दगड नसलेल्या मातीचा, पुरुषभर उंचीपेक्षा मोठा बांध घालतात. काही जण त्याच्या पुढे घोड्यांच्या तबेल्यातली जाड रबरी मॅट लोंबती टांगतात. ती मागे हलते आणि बाणाचा जोर खाते. समोर समुद्र आहे म्हणून पुळणीवर मारावा, हे तर मुळीच नको. चुकलेला बाण फार लांब जातो, आणि तिकडे रापण ओढणारी माणसं असतात, होड्या असतात.

बाण काढतानाही घाई नको. एक तळवा टार्गेटवर दाबून ठेवायचा, दुसऱ्या हाताने कांडी टार्गेटच्या अगदी जवळ धरायची आणि सरळ ओढायची. ओढणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. बाण एकदम सुटला तर शेपटाकडची कड पोटात किंवा डोळ्यात जाते. मग प्रत्येक बाण हलकासा वाकवून, फिरवून कानाशी धरायचा. कर्रर्र असा आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथल्या तिथे मोडून टाकायचा. पुढच्या वेळी हवेचा सगळा दाब त्याच कांडीच्या आत येणार असतो.