आमची वाटचाल: मिरजेचा तानपुरा आणि आमची पत्रं

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे भोपळे टांगायला पत्र्याची शेड. आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. बाकीची घरं त्यांच्या मागून या कामात आली. पुढे किराणा घराण्याचे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गवयांचा इकडे राबता वाढला.

वाद्य कसं बनतं हे पुष्कळांनी लिहिलंय. ते विकलं कसं जातं, हे मला सांगायचंय.

गिऱ्हाईक धारवाडला नाहीतर पणजीला, वाद्य मिरजेत. न ऐकता माणूस पैसे कशाच्या भरवशावर पाठवणार? अब्बा पोस्टकार्ड लिहायचे. शाळा थोडकी झालेली, अक्षर वाकडंतिकडं, पण मजकूर असा: ‘खर्ज भरून बोलतो. जोड अजून जरा करकरीत आहे, दोन पावसाळे गेले की गोड होईल. भोपळा पंढरपूरकडचा, सालीला जाड.’ बस, एवढंच. खर्ज म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची जाड तार, जोड म्हणजे मधल्या दोन तारा. ऑर्डर यायची. दिवसभर ज्या तारेला कान लावून बसायचे, तिच्याबद्दल संध्याकाळी लिहायचे, म्हणून वाचणाऱ्याला ती ऐकू यायची, असं मी ठामपणे मानतो.

धंदा माझ्याकडे आला तेव्हा पोस्टकार्डाची जागा मोबाईलने घेतली होती. अब्बांची रीत मात्र मी सोडली नाही. प्रत्येक तानपुऱ्याचं वर्णन मी जवारी लागली की त्याच दिवशी लिहितो. जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेला गुंजता नाद आणणं. घोडीवर कानस हलकीशी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मग तारेखाली सूत सरकवायचं. एका जागी येऊन ते असं थांबतं की सगळा भोपळा गुंजायला लागतो. केसभर पुढे गेलं की आवाज पुन्हा मुका. ही जागा सापडल्याचा आनंद अंगात असतानाच लिहायला बसावं. दुसऱ्या दिवशी हाताशी ‘उत्कृष्ट दर्जा’ आणि ‘वाजवी दर’ एवढेच शब्द उरतात, आणि ते तर कोणत्याही दुकानाच्या पाटीवर सापडतील.

मध्यंतरी एका गृहस्थांनी विचारलं, अ‍ॅप फुकट मिळतं, मग तानपुरा कशाला घ्यायचा? मुलगी नुकती गाणं शिकायला लागली होती. मी लांबलचक उत्तर लिहिलं. अ‍ॅपला नावं ठेवली नाहीत, प्रवासात ते सोयीचंच आहे. त्यांना लिहिलं: ‘खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार, म्हणजे ग, आपोआप उमटतो. तो कुणी वाजवत नाही, तारेतच असतो. मुलीने स्वतः खुंटी पिळून, तारेतला मणी सरकवून तो एकदा शोधला की तिला सूर म्हणजे काय ते कायमचं कळेल. जुळवायला लागणारा वेळ हीसुद्धा तिची तालीमच.’ शेवटी हेही लिहिलं की मुलगी लहान आहे, मोठा तानपुरा आत्ता घेऊ नका, मांडीवर पेलेल असा लहान घ्या. त्यांनी लहान नेला. पुढे मोठ्यासाठीही आमच्याकडेच आले.

कामावर जीव असला की माणूस भरमसाट लिहितो. मीही लिहितो, आणि मग निम्मं खोडतो. ‘दैवी’, ‘अलौकिक’ आधी जातात. जे माझ्या कानाने ऐकलं नाही, हाताला लागलं नाही, ते वाक्य ठेवायचं नाही. लाकूड तूण असेल तर तूणच लिहायचं. जवारी खुली आहे की बंद, म्हणजे नाद झणझणीत की आटोपशीर, हेही लपवायचं नाही. जाणकार गवई हे वाचतो आणि त्याला लगेच समजतं की लिहिणारा स्वतः वाद्य घडवणारा आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गल्लीसाठी ती फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती अभिमानाने पत्रात लिहितो. पण ती एका ओळीत. बाकीचं पत्र त्या एका वाद्याचं असतं.

तुम्हाला तानपुरा हवा असेल तर आधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून गाता, ते कळवा, काळी एक की पांढरी पाच. गाणारं कोण, वय काय, रियाज खाली बसून करता की खुर्चीवर, तेही लिहा. उत्तर मी स्वतः देतो. जवारीचं काम चालू असेल तर एखादा दिवस उशीर होईल.