होल्ड रिकामंच दिसायचं

"काका, जपान कसं आहे हो?" मी विचारलं आणि दोघंही हसायला लागले.

संध्याकाळी मिऱ्याच्या धक्क्यावर बसतात ते. एक निवृत्त सुकाणी, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारे; दुसरे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. हयात बल्करवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर गेली. गोव्यात मुरगावला लोखंडाची लाल माती, म्हणजे खनिज, भरायची, जपानला उतरवायची.

"माती इतकी जड, की जहाज मार्कापर्यंत, म्हणजे भरायच्या शेवटच्या खुणेपर्यंत बुडालं तरी होल्ड, म्हणजे मालाचं कोठार, अर्ध्याहून जास्त रिकामंच दिसायचं," सारंगकाका म्हणाले. "सगळं वजन तळाला. वादळात कलंडलं की असं झटक्यात सरळ व्हायचं, बंकवरून माणूस खाली!"

पुढची खेप गव्हाची असली तर सगळे खलाशी झाडू आणि होज घेऊन होल्डात. गंजाचा सुटा पोपडा दिसला तरी होल्ड तपासणारा सर्व्हेअर नापास करायचा.

मग जरा थांबून सारंगकाका म्हणाले, "जपान ना? लाल पाणी आठवतं बघ. आंघोळीचं."

घरी आलो तरी ते लाल पाणी डोक्यातून जाईना. बाबाही याच लाइनवर होते. दहा-दहा महिन्यांनी यायचे, बॅगा दारातच असायच्या.

आणि मी काय विचारायचो? चॉकलेटं आणलीत का?