शिवी नसलेलं भाषण

आमचं काम ऐकायला भारी वाटतं, जहाल राजकीय भाषा कॉम्प्युटरने तपासायची, प्रत्यक्षात पणजीतल्या एका छोट्या ऑफिसात बसून दिवसभर विखारी भाषणं आणि सोशल मीडियावरचा चिखल वाचायचा. मॉडेल महाहेटवर ट्रेन केलेलं, म्हणजे २०२२ साली आलेला २५ हजारांवर मराठी ट्वीट्सचा डेटासेट, लेबलं चार: द्वेष, अपमान, शिवीगाळ आणि यातलं काहीच नाही.

त्या दिवशी लिस्ट मॉडेलने दिलेल्या विखाराच्या स्कोअरप्रमाणे लावली तर सगळ्यात वर कोण, तर फुटबॉल मॅच हरल्यावर म्हापशाच्या दोन मित्रांनी एकमेकांना घातलेल्या शिव्या! आणि अगदी तळाला एक भाषण. बंधू, भगिनी, माता, सगळं गोड, वाईट शब्द एक नाही. पण वाचून पोटात गोळा आला, का ते सांगता येईना.

लेबलिंगला आमच्याकडे डिचोलीचे एक रिटायर्ड मराठीचे सर येतात. त्यांनी प्रिंट मागितली (स्क्रीनवर वाचतच नाहीत ते), लाल पेन काढलं आणि म्हणाले, "अरे, कर्ता बघ ना."

बघितलं. "ते" कर्ता असले की घुसतील, बळकावतील, पळवून नेतील. "आपण" आलो की हाकलले जाऊ, मारले जाऊ. आणि शेवटाकडे अचानक आपणच कर्ता, "मग आपणही तयार राहायला नको का?"

याला आरशातला आरोप म्हणतात, जे आपल्याला करायचंय ते समोरचाच करणार असं आधी ओरडून सांगायचं, रवांडात १९९४ च्या नरसंहारात हे झालंय. तिथे रेडिओवर माणसांना उघड झुरळं म्हणायचे, ते कीवर्डने तरी सापडतं, हे नाही सापडत, कारण आमच्या मॉडेलला शिव्या कळतात, घाबरवणं कळत नाही.

कर्ता शोधणं ऑटोमॅटिक करायला गेलो तर मराठीची ट्रीबँक (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांचा साठा) एवढीशी, पार्सर, म्हणजे वाक्याची रचना उलगडणारा प्रोग्राम, लांब वाक्यात गडबडतो, त्यात बोलताना निम्म्या वेळा कर्ता गाळलेलाच असतो, क्रियापदावरून ओळखायचा. मग हातानेच. दोघांनी वेगवेगळं मार्क करून कोहेनचा कॅप्पा, म्हणजे दोघांचं किती जुळतं त्याचं माप, काढायचा, तर "घरं सोडावी लागतील" वर आमचं जुळेना. सर म्हणे कर्ता "ते"च, लिहिलं नाही म्हणून काय झालं? मी म्हटलं, सर, व्याकरणात बसत नाही. चहा थंड होईपर्यंत वाद.

आता रिपोर्टमध्ये स्कोअरशेजारी कर्त्याचा वेगळा कॉलम असतो. फंडिंगवाले विचारतात हे ऑटोमॅटिक कधी होणार, तोवर मी लाल पेनांचा खर्च स्टेशनरीत टाकतोय.